शतंजीव

मी ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली, तेथे मराठी पुस्तके सर्वांत वरच्या फळीवर असत. बडोद्यात एकेकाळी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मराठी ग्रंथ सिद्ध होत. पण मराठी वाचणारी घरे पुढे विरळ होत गेली, आणि वाचक कमी झाले की पुस्तक वर चढते, हा ग्रंथालयांचा अलिखित नियमच आहे. हाताच्या उंचीवर परीक्षेची मार्गदर्शके, त्यांच्या वर गुजराती कादंबऱ्या, त्यांच्या वर इंग्रजी, आणि छताजवळच्या अंधारात केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड, अशी आमच्याकडची उतरंड होती. मला त्याचे फारसे दुःख नव्हते. टाचा उंचावल्या की माझी बोटे त्या खंडांच्या पुठ्ठ्यांपर्यंत सहज पोहोचत. १९९७ च्या सुमारास केव्हातरी ती पोहोचेनाशी झाली. फळ्या कोणी हलविल्या का, म्हणून मी शिपायाला विचारले. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले आणि एक स्टूल आणून ठेवले. ते मग तिथेच राहिले.

माणूस स्वतःला मोजीत नाही. तो फळीला मोजतो, खुंटीला मोजतो, शिंप्याला दोष देतो. त्या काळात माझ्या लेंग्याची लांबी तीच असून सदरे मात्र गुडघ्याकडे उतरू लागले होते, आणि मी शिंपी बदलला होता.

त्याआधी पाच वर्षे, १९९२ मध्ये, मुंबईच्या एका रुग्णालयात माझ्या आईचे डावे मूत्रपिंड काढून माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूस बसविण्यात आले होते. मी एकतीस वर्षांचा होतो, आई चौपन्न वर्षांची. अण्णांचा रक्तगट जुळला नाही. पत्नी तयार होती, पण आईने तिला गप्प केले. "तुला अजून मुलं व्हायची आहेत, तू बाजूला हो," असे ती तिला म्हणाली. आणि घरातली खोली कोणी झाडायची हे ठरवावे तितक्या वेळात तो प्रश्न निकालात निघाला. वर्षभर मी आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत होतो. दूध नको, पाणी मोजून, केळे वर्ज्य, अशा त्या दिवसांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते अनेकांनी लिहिले आहे.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात माझ्या तोंडाला चव आली. त्वचेचा राखी रंग गेला. घरी आणताना कागदाच्या पिशवीत तीन औषधे दिली होती. त्यांपैकी एक इतके महाग होते की त्यासाठी आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. दुसरे मध्यम. तिसरे, प्रेडनिसोलोन, हे इतके स्वस्त की दुकानदार त्याची पट्टी सुट्या पैशांच्या जागी द्यायलाही तयार झाला असता. पांढरी, शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान गोळी. सकाळी पोटात काहीतरी घालून सहा घ्यायच्या, पुढे चार, पुढे दोन. मधे तिसऱ्या महिन्यात एकदा माझ्या शरीराने आईचे मूत्रपिंड नाकारण्याची तयारी चालविली, तेव्हा त्याच जातीचे औषध तीन दिवस शिरेतून, भल्या मोठ्या मात्रेत दिले गेले आणि अरिष्ट टळले. म्हणजे महाग औषधाइतकेच हेही माझे रक्षण करीत होते. स्वस्त वस्तूचा हिशेब माणूस ठेवीत नाही, एवढेच.

त्या गोळीने पहिल्या सहा महिन्यांत माझा चेहरा गोल झाला. गाल भरून आले, मानेमागे मांस चढले. आई प्रसन्न झाली. येणारे-जाणारे म्हणत, "तब्येत छान सुधारली हो." आई दृष्ट काढी. मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडत आणि ती म्हणे, "बघ, किती लागली होती." पुढे मला कळले की हाडांची झीज सर्वांत वेगाने होते ती याच पहिल्या सहा-बारा महिन्यांत. माझे गाल भरत होते तेव्हाच आतून मणके रिकामे होत होते, आणि आम्ही दृष्ट काढीत होतो.

१९९९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मी वरच्या फळीवरचे खंड ऊन दाखवायला खाली काढीत होतो. धुळीने शिंक आली. साधी, एकच शिंक. पाठीत कट् असा आवाज झाला, तो मला कानाने ऐकू आला की हाडाने, हे सांगता यायचे नाही. मी स्टुलावरून उतरून जमिनीवर बसलो आणि मग उठता येईना.

लहानपणी मी शिंकलो की आई हातातले काम न सोडता "शतंजीव" म्हणे. त्या संध्याकाळी रिक्षातून मला घरी उतरवून घेताना, कसे झाले हे ऐकल्यावर, तिच्या तोंडून सवयीने तो शब्द निघाला आणि ती तिथेच थांबली.

पंधरा दिवस आम्ही ती उसण समजत होतो. तेल, शेक, वाळूची पुरचुंडी, सारे झाले. शेवटी आईने शेजारची आठ-नऊ वर्षांची पायाळू मुलगी आणली. पायाळूचा पाय लागला की उसण जाते. मला पालथे निजवले. बिचारी लाजत होती. तिने अंगठ्याच्या टोकाने तीन वेळा पाठीला नुसता स्पर्श केला आणि हातावर ठेवलेला पेढा घेऊन पळाली. तिने जरा भक्तिभावाने लाथ मारली असती तर काय झाले असते, याचा विचार नंतर क्ष-किरणांचे चित्र पाहताना माझ्या मनात आला. कमरेच्या वरचा, पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झाला होता. त्याच्या वरचे आणखी दोन त्याआधीच केव्हातरी, मला कळू न देता, बसले होते. परिचारिकेने उंची मोजली आणि जुन्या कागदाशी ताडून पाहिली. १९९२ मध्ये एकशे एकोणसत्तर सेंटिमीटर. आता एकशे चौसष्ट. "जुना आकडा चुकलाय," असे म्हणून तिने तो खोडला. मी तिला थांबविले. मला ती फळी आठवली होती.

मुंबईस जाऊन हाडांची घनता मोजून घेतली. एका टेबलावर निजायचे, वरून एक दांडा सावकाश सरकत जातो, दुखत काही नाही. हाती येतो तो रंगीत कागद: हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, तांबडा पट्टा, आणि त्यावर तुमचा एक ठिपका. निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुमची तुलना केलेली असते. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या रेषेप्रमाणे उणे अडीच किंवा त्याखाली गेलात की हाडे ठिसूळ ठरतात. माझ्या कण्याचा आकडा उणे साडेतीनच्या जवळ होता. डॉक्टर म्हणाले, "सत्तरीच्या बाईची हाडे आहेत ही." मी अडतीस वर्षांचा होतो. शेजारी खुर्चीवर एकसष्ट वर्षांची आई बसली होती, ताठ.

त्यानंतर वर्षभर मी वाचीत सुटलो. ग्रंथपालाला दुसरे येते काय? वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका समव्यवसायी मित्राच्या कृपेने पुस्तके मिळत. हाड म्हणजे घराचा वासा, एकदा बसविला की बसविला, अशी माझी समजूत होती. तसे ते नाही. ते आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यासारखे आहे. एका कोपऱ्यात मजूर जुनी भिंत उतरवीत असतात, दुसऱ्या कोपऱ्यात गवंडी नवी रचीत असतात, आणि वाडा उभा राहतो तो या दोघांचा मेळ बसतो म्हणून. स्टेरॉइड मुख्यतः गवंड्यांना कामावरून कमी करते. शिवाय आतड्यांतून कॅल्शियम आत येऊ देत नाही, आणि आलेले लघवीवाटे अधिक जाऊ देते. मणक्यांचा आणि बरगड्यांचा आतला जाळीदार भाग आधी जातो. म्हणून माणूस चालताबोलता दिसतो आणि शिंकेने मोडतो. मूत्रपिंडाच्या रोग्याची हाडे मुळातच दुबळी झालेली असतात, कारण ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप देण्याचे काम मूत्रपिंडच करते. आईच्या मूत्रपिंडाने हे काम निमूटपणे पुन्हा हाती घेतले होते. एकीकडून ते हाडांसाठी झटत होते आणि दुसरीकडून त्याच्याच रक्षणासाठी घेतलेली गोळी ती हाडे पोखरीत होती.

हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये, ज्यांच्या शरीरात हा रस आपोआपच अतोनात पाझरतो अशा रोग्यांची वर्णने प्रसिद्ध केली. गोल चेहरा, मानेमागचा मांसल उंचवटा, वाकलेला कणा. सारे त्यात आहे. कॉर्टिसोन हे औषध म्हणून प्रथम वापरले गेले १९४८ मध्ये, संधिवातासाठी, आणि खाटेला खिळलेली माणसे चालू लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. १९६३ मध्ये डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांनी दाखवून दिले की शरीर नवे मूत्रपिंड नाकारू लागले तरी स्टेरॉइडने त्याला माघारी वळविता येते. भारतात वेलोरला १९७१ मध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले. म्हणजे माझी पाळी येण्याच्या साठ वर्षे आधी माझा कणा पुस्तकात छापला गेला होता. मला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर मी सही केली नसती का? त्याच पेनाने, त्याच जागी केली असती. तरीही ते सांगावयास हवे होते, हे माझे मत आजही बदललेले नाही. निदान कॅल्शियम वेळेवर सुरू झाले असते, मी स्टुलावर चढून खंड उतरविले नसते. आता पद्धत बदलली आहे. हाडांकडे पहिल्यापासून लक्ष ठेवतात, गोळीची मात्रा लवकर उतरवितात, काही ठिकाणी तर निवडक रोग्यांची ती पहिल्याच आठवड्यात बंद करतात. त्या तरुण मुलांचे सरळ खांदे पाहून मला आनंद होतो. थोडा हेवाही वाटतो, तो मी लपवीत नाही.

पण माझी खरी अडचण पुस्तकांबाहेर होती.

आईने त्या तांबड्या पट्ट्याचा आपल्या परीने अर्थ लावला होता. ती डिंकाचे लाडू करू लागली. खारीक, खोबरे, डिंक, आळीव, बाळंतिणीला देतात तेच सारे, आणि मला म्हणे, "सकाळी एक, संध्याकाळी एक." नाचणीची आंबील सुरू झाली. मी खात होतो. ती माझ्याकडे बघत बसे. एके रात्री दिवे गेले होते, आम्ही दोघे गॅलरीत बसलो होतो, तेव्हा तिने विचारले, "माझी किडनी तुला बाधली का रे? जुन्या माणसाची वस्तू. तिनेच तुझी हाडं खाल्ली असतील."

मी म्हणालो, "काहीतरीच काय? औषधामुळे झालं ते."

"मग ते औषध सोड की."

"सोडता येत नाही."

"का?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता येत होते आणि द्यावयाचे नव्हते. औषध कशासाठी, तर माझ्या शरीराला आईचे मूत्रपिंड परके वाटते म्हणून. एका दिवसासाठी नव्हे, जन्मभर. माझ्यातली प्रत्येक पांढरी पेशी त्या तिच्या तुकड्यावर डोळा ठेवून असते आणि मी रोज सकाळी तिला गुंगवून ठेवतो. १९५४ मध्ये बॉस्टनला एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसले आणि टिकले, ते दोघे एकाच बीजाचे जुळे होते म्हणून. त्यांना औषध लागले नाही. आई आणि मूल यांचे नाते एवढे सारखे नसते. अर्धी खूण आईची, अर्धी बापाची, आणि त्या अर्ध्यापायी शरीर सगळेच नाकारते. हे तिला कसे सांगावे? जिने पाटल्या मोडल्या, कूस फाडून दिली, तिला कोणत्या तोंडाने म्हणावे, की आई, माझ्या रक्ताला तू परकी आहेस?

याची दुसरी बाजू मला अधिक छळीत होती. पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये एक प्रश्न मांडला होता: अर्धे परके असलेले मूल आईचे शरीर नऊ महिने सोसते तरी कसे? त्याचे पूर्ण उत्तर आजही मिळालेले नाही. माझ्या आईने मला नऊ महिने एकही गोळी न घेता सोसले. शिवाय जन्माला येईपर्यंत मूल आईकडून सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम घेते. माझी पहिली हाडे तिच्या अंगातून उतरून आलेली. हाडांची काडे करून मुले वाढविली, असे आपण म्हणतो, तो नुसता वाक्प्रचार नव्हे. आणि मला तिचे मूठभर मूत्रपिंड, जेवढे ती देऊन मोकळी झाली तेवढे, एक दिवसही फुकट सोसवत नव्हते. त्याचे भाडे मी तिच्याच हाडांतून भरीत होतो.

मी सांगितले. अंधार होता म्हणून सांगू शकलो. पेशी, खूण, नाकारणे, हे शब्द मी शक्य तितके बोथट केले, पण ती बाई हुशार होती. बराच वेळ काही बोलली नाही. खालून एक बैलगाडी गेली, तिचे चाक करकरत कोपऱ्यापर्यंत ऐकू आले. मग ती म्हणाली, "तू पोटात होतास तेव्हा चार महिने मला पाणीसुद्धा ठरत नव्हतं. भाताचा वास आला तरी उमाळा यायचा. तुझी आजी म्हणाली, हे मूल हिला झेपत नाही." थोड्या वेळाने, "माझ्याही अंगाला तू कुठे लगेच मानवला होतास?"

दिवे आले. ती उठून दूध विरजायला आत गेली.

हे शास्त्राच्या कसोटीस उतरेल की नाही, याची चौकशी मी केलेली नाही.

पुढच्या काळात आठवड्यातून एकदा घ्यायची, हाडे राखणारी गोळी मिळू लागली. माझे मूत्रपिंड ती झेपण्याइतके चांगले होते, म्हणून डॉक्टरांनी मोजून पाच वर्षे दिली. पहाटे उपाशी पोटी, भांडेभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. अर्धा तास आडवे व्हायचे नाही, खायचे नाही, चहासुद्धा नाही. रविवारी ती अर्ध्या तासाची बैठक असे. आईला ते फार पसंत होते. "हे खरं सोवळ्यातलं औषध," असे ती म्हणे, आणि तेवढा अर्धा तास तीही माझ्यासमोर चहावाचून बसे. तांबड्या पट्ट्यातला ठिपका किंचित वर सरकला. गेलेली उंची मात्र परत आली नाही. जड उचलायचे नाही, कमरेतून पुढे वाकायचे नाही, हे दोन नियम कायमचे राहिले. चपलांचे पट्टे गेले, पायात सरकवायच्या वहाणा आल्या. देवाला नमस्कार उभ्यानेच. मुलीच्या लग्नात वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना मी हात जोडले, तेव्हा एका वृद्ध नातेवाइकांनी मान फिरविली. त्यांना काय सांगणार? बाहेरून मी धडधाकट दिसत होतो.

आई २००९ मध्ये हृदयविकाराने गेली. उरलेल्या एका मूत्रपिंडाने तिला अखेरपर्यंत दगा दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्थी सावडायला खासवाडीच्या स्मशानात गेलो. राख निवली होती. गुरुजींनी दूध-पाणी शिंपडायला सांगितले. ते मी उभ्याने केले. मग ते म्हणाले, "ज्येष्ठ पुत्राने आधी पायाकडच्या अस्थी वेचाव्यात. वाका."

मी उभाच राहिलो. गुरुजींना वाटले मला ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले. धाकट्या मावशीचा मुलगा जवळ होता, त्याला सारे ठाऊक होते. तो माझ्या बाजूने पुढे झाला, खाली बसला आणि वेचू लागला. मी गाडगे छातीशी धरून उभा होतो. तो एकेक तुकडा वर देई, मी तो हातात घेऊन आत ठेवी. पांढरे, हलके, खडूसारखे तुकडे. बोटांत धरले की कडा सुटत. पाय, गुडघे, कंबर, मग कण्याचे मणके. एक मणका जवळजवळ अखंड निघाला. त्याच्या आतली जाळी दिसत होती, दाट, सुबक, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. तो मी आत ठेवण्यापूर्वी थोडा वेळ हातात धरला.

"सगळं आलं ना?" गुरुजींनी विचारले.

मावसभावाने राखेतून शेवटचा हात फिरविला आणि म्हणाला, "आलं." मी काही बोललो नाही. माझा डावा हात गाडग्याखाली होता आणि उजवा, मला कळेपर्यंत, सदऱ्यावरून ओटीपोटाच्या उजव्या बाजूवर गेला होता.

चांदोदला नर्मदेच्या घाटावर पायऱ्या पुष्कळ आहेत आणि उंच आहेत. मावसभावाचा हात धरून उतरलो. परत बडोद्यास यायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने पेज केली होती. ती घेतली, आणि मग डब्यातून दोन पांढऱ्या गोळ्या काढून घेतल्या.